सुर्जी-अंजनगावचा दुसरा तह

अंकासाठी लेख द्या म्हणून संपादक मंडळातली पोरं तीनदा माझ्या केबिनमध्ये येऊन गेली. प्राध्यापकांकडून ज्या विषयांवर लेख येतात त्यांची यादीच त्यांनी सोबत आणली होती. 'यशाची गुरुकिल्ली', 'वेळेचे नियोजन', 'मोबाइल : शाप की वरदान'. मी तिसऱ्या विषयावर बोट ठेवलं आणि म्हटलं, याच्या आसपास लिहितो, पण शीर्षक माझं राहील. पोरं खूश होऊन गेली. बिचाऱ्यांना वाटलं असेल, सर आता 'अति तिथे माती' असं काहीतरी दोन पानं लिहून देतील.

तर मित्रहो, आधी कबुली देऊन टाकतो. मी व्हिडिओ गेम खेळतो. वय वर्षे चव्वेचाळीस, डोक्यावर केस जेमतेम, घरात दहावीतली मुलगी, आणि तरीही खेळतो. एकटा नाही, बायकोसोबत खेळतो. आणि खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा बरी खेळते.

हे असं चारचौघांत सांगायची वेळ का आली, तर त्याला कारण गेल्या सेमिस्टरमधली एक रात्र. रेक्टर सर सुटीवर होते म्हणून हॉस्टेलच्या राऊंडची ड्यूटी माझ्याकडे आली. रात्रीचा दीड वाजला असेल. वॉचमननं आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, वरच्या मजल्यावर पोट्टे रातभर बोंबलत राह्यतेत." वर गेलो तर एका खोलीत खरंच आठ-दहा जण. मधे लॅपटॉप, दोघांच्या हातात कंट्रोलर, बाकीचे आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत बसलेले. मला पाहून सगळे उभे राहिले. एकानं धीर करून म्हटलं, "सर, फक्त ही एक मॅच होती." मी म्हटलं, हळू आवाजात संपवा आणि झोपा.

त्याच मजल्यावर टोकाला दुसरी एक खोली होती. तिथं अजिबात आवाज नव्हता. दार उघडं, लाइट बंद, आणि स्क्रीनच्या उजेडात एकच मुलगा. कानात हेडफोन. मेसचा डबा टेबलवर तसाच, न उघडलेला. त्याचा रूम पार्टनर उजेडाला कंटाळून दुसऱ्या खोलीत झोपायला गेला होता, हे मला नंतर कळलं. मी दारात चांगली दोन-तीन मिनिटं उभा होतो. त्याला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिस्त समितीची मीटिंग झाली. 'वसतिगृहात व्हिडिओ गेम खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी नोटीस टाइप होऊन माझ्या सहीसाठी आली. मी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. त्या दोन खोल्यांना एकच नोटीस कशी लागू होणार, हे मला कळेना. कारण त्या दोन्ही खोल्यांत मी स्वतः राहून आलेलो आहे.

त्याची गोष्ट सांगतो.

माझं लग्न 2008 सालच्या मे महिन्यातलं. सासुरवाडी अंजनगाव सुर्जी. आपल्या अंकाच्या वाचकांत बाहेरच्या जिल्ह्यातले बरेच आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. अकोटहून परतवाड्याकडे जाताना हे गाव लागतं. तालुक्याचं ठिकाण, अमरावती जिल्हा. आमच्याकडे विड्याची पानं म्हटली की अंजनगाव आठवतं. आणि पानपिंपळी. आयुर्वेदाच्या औषधात जी पिंपळी लागते, तिचे वेल इथं आधारावर चढवून सावलीत वाढवतात. माझ्या सासऱ्यांचे असे काही गुंठे होते, पण त्यांचा मूळ धंदा मास्तरकीचा. शाळेत इतिहास शिकवायचे.

त्या वर्षीची दिवाळी म्हणजे माझा दिवाळसण. नवा जावई म्हणून मला पाटावर बसवून ठेवलेलं. हलायची सोय नाही. बायको माहेरी आल्यामुळे स्वयंपाकघरात गुडूप. आमचं लग्न रीतसर बघून झालेलं, सहा महिने होऊनही आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलत होतो. ती मला 'अहो' म्हणायची. "अहो, चहा घेता का?" "अहो, भाजीत मीठ बरोबर आहे ना?" याच्या पुढे गाडी फारशी जात नव्हती.

पाडव्याच्या दुपारी मेव्हण्यानं माळ्यावरून एक खोकं काढलं. आत जुना टीव्ही गेम. तोच तो, कॅसेट लावायचा. आमच्या पिढीत ज्यांच्या घरी तो होता त्यांच्या घरी पूर्ण गल्ली जमायची. जपानच्या निंटेंडो कंपनीनं 1983 मध्ये काढलेल्या मशीनची ती नक्कल होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी आपल्याला काय, टीव्ही गेम म्हणजे टीव्ही गेम! कॅसेटच्या तोंडात फुंकर मारली, टीव्हीवर मुंग्या आल्या, परत फुंकर मारली, आणि चित्र आलं. काँट्रा.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही ताईसंग खेळा. मले तर ती लहानपणापासून हरवत आली."

मला वाटलं पोरगा गंमत करतो आहे. ती पदराला हात पुसत आली, रिमोट हातात घेतला आणि सवयीनं तीस लाइफचा कोड दाबला. वर-वर, खाली-खाली, डावा-उजवा, डावा-उजवा... न बघता! मी बघतच राहिलो. सहा महिने संसार करूनही ही बाई मला माहीतच नव्हती.

(हा कोड ज्यांनी बनवला ते कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो. 1986 मध्ये ग्रॅडियस नावाचा गेम त्यांना तपासायचा होता, आणि तो त्यांनाच फार कठीण जात होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तो घातला. 2020 मध्ये ते वारले. टेस्टिंग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा माणूस.)

पहिली जंगलाची लेव्हल झाली. दुसरी झाली. तिसरी लेव्हल धबधब्याची. ज्यांनी खेळला आहे त्यांना आठवत असेल. इथं पुढे पळायचं नसतं, वर चढायचं असतं. एका दगडावरून उडी मारून वरच्या दगडावर. मी निळा, ती लाल. मी सरासर वर निघालो. नवऱ्याची हुशारी दाखवायची हीच वेळ! आणि खालून एकदम आवाज आला,

"थांब ना बे! मरून राहिली ना मी!"

घरात शांतता. सासूबाई हातात झारा घेऊन दारात आल्या. "अवं पोरी! जवायाले 'बे' म्हनतेत का कोनी?"

तिनं जीभ चावली. मी मात्र हसत सुटलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी माझ्या बरोबरीनं बोलली होती.

आता इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहात, तर ती का मरत होती हे नीट समजून घ्या. त्या मशीनमध्ये काम करायला रॅम होती 2 केबी. हो, केबी. प्रोसेसर 8 बिटचा. पडद्यावर चित्र 256 गुणिले 240 ठिपक्यांचं. दोन खेळाडू असले तरी चित्र एकच. मग ते चित्र कोणाच्या मागे न्यायचं? काँट्रा बनवणाऱ्यांनी ठरवलं, जो पुढे असेल त्याच्या मागे. धबधब्यात वरचा खेळाडू चढला की पडदा वर सरकतो, आणि खाली मागे राहिलेला पडद्याच्या तळाखाली गेला की मेला. त्याला कोणी गोळी मारलेली नसते. त्याची काही चूक नसते. त्याचा सोबती फक्त जास्त भराभर चढलेला असतो. आणि पडदा परत खाली येत नाही.

त्या दुपारी आम्ही धबधब्यात पाच-सहा वेळा मेलो. म्हणजे ती मेली, माझ्यामुळे. मग तिनंच शिकवलं, "अहो, तुम्ही एक उडी मारा आणि थांबा. मग मी मारते. मग परत तुम्ही." 'अहो' परत आलं होतं, पण आवाज बदलला होता. अशा उड्या मारत आम्ही वर पोचलो, आणि नेमकी लाइट गेली! त्या काळातलं वऱ्हाडातलं लोडशेडिंग. गेम सेव्ह व्हायची सोय नाही, सगळं पहिल्यापासून. अंधारात दोघं तसेच बसून राहिलो आणि पहिल्यांदा तास-दीड तास गप्पा मारल्या. लहानपणी तिला आणि भावाला मिळून रोज फक्त एक तास खेळायला मिळायचा, म्हणून तिला सगळं पाठ होतं.

जावयाला दिवाळसणाला अंगठी देतात. मी सासऱ्यांना म्हटलं, मामाजी, मला अंगठी नको, हा टीव्ही गेम द्या. ते खूप हसले. म्हणाले, "न्या. जोडप्यानं खेळायची आपल्याकडे रीतच आहे. वेरूळच्या लेण्यात जाऊन पाहा, शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत." पुढे आम्ही वेरूळला गेलो तेव्हा 29 नंबरच्या लेण्यात ते शिल्प शोधून पाहिलं. जगाचा सगळा कारभार सोडून दोघं डाव मांडून बसले आहेत. बायको म्हणाली, "बघा, यांना कोणी विचारत नाही, या वयात हे काय म्हणून."

इतिहासाचे मास्तर असल्यामुळे सासऱ्यांची दुसरी आवडती गोष्ट म्हणजे त्यांच्या गावाचा तह. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात 1803 मध्ये असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची झाली, डिसेंबरात गाविलगड पडला. नागपूरच्या भोसल्यांनी 17 डिसेंबरला देवगावचा तह केला, आणि 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो सुर्जी-अंजनगावला. गंगा-यमुनेचा दोआब गेला, दिल्ली-आग्रा गेलं, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. "माझ्या गावाचं नाव इतिहासात आलं," सासरे म्हणायचे, "पण कशासाठी आलं पाहा." हे मी आता का सांगतो आहे ते पुढे कळेल.

त्यानंतरची बारा वर्षं तुमच्या आई-वडिलांची गेली तशीच आमची गेली. मुलगी झाली. बायको शाळेत शिकवायला लागली. मी पीएचडीला लागलो. टीव्ही गेम परत माळ्यावर गेला, फक्त माळा बदलला. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. दोघंही आपापल्या दगडावर उड्या मारत होतो. मी जरा जास्त जोरात मारत होतो, एवढंच. पेपर, कॉन्फरन्स, प्रमोशन. तिची पाच वर्षांपूर्वी थांबलेली एम.ए. कधी पूर्ण होणार हे मी विचारलंच नाही.

मग 2020 चं लॉकडाउन आलं. ऑनलाइन लेक्चर संपली की वेळच वेळ. एका विद्यार्थ्याकडून ऐकून मी मोबाइलवर एक शूटिंगचा गेम घेतला. सुरुवातीला अर्धा तास, मग दोन तास. मग घर झोपल्यावर. खोटं कशाला सांगू, मजा यायची. अनोळखी लोकांसोबत टीम व्हायची, कोणी 'सर' म्हणत नव्हतं, कोणी सबमिशनची तारीख विचारत नव्हतं. बायको शेजारच्या खोलीत शाळेच्या पोरांच्या वह्यांचे फोटो मोबाइलवर तपासत बसलेली असायची. आम्ही दोघं एका घरात दोन स्क्रीनसमोर होतो. एकदा तिनं विचारलं होतं, "मला शिकवाल का हा?" मी म्हटलं, "तुला जमणार नाही, फार फास्ट आहे." काँट्रात मला दहा वेळा जिवंत ठेवलेल्या बाईला मी असं म्हटलं.

2021 चा फेब्रुवारी. कोरोनाची दुसरी लाट आपल्या अमरावतीत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधी आली, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून ती अंजनगावला गेली होती. मुलगी माझ्याजवळ. एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. मी ऐन मॅचमध्ये. शेवटचे पाच जण राहिले होते. मी कॉल कट केला. परत आला, परत कट केला. वाटलं, झोपायच्या आधी सहज करत असेल, दहा मिनिटांत लावतो. दहा मिनिटांचा तास झाला.

एक वाजता मेव्हण्याचा मेसेज पाहिला. सासऱ्यांचा ऑक्सिजन एकदम खाली आला होता. अंजनगावातून अमरावतीला हलवत होते. मेव्हणा आईजवळ घरी थांबला होता. अँब्युलन्समध्ये वडिलांजवळ ती एकटी होती. अमरावतीत बेड कुठं मिळेल हे विचारायला तिनं मला फोन केला होता. मी त्या दवाखान्यापासून पंधरा मिनिटांवर, पलंगावर पडून, कुणा अनोळखी माणसाला 'कव्हर दे' म्हणून सांगत होतो.

शेजाऱ्यांना उठवून मुलीजवळ बसवलं आणि गाडी काढली. मी पोचलो तेव्हा तिनं सगळं एकटीनं केलेलं होतं. कोणाकोणाला फोन लावून बेड मिळवला होता, फॉर्म भरले होते. पायऱ्यांवर बसली होती. मला पाहून काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

सासरे वाचले. सोळा दिवसांनी घरी आले. पण आमच्यात काहीतरी मेलं होतं. ती पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली, अगदी पहिल्यासारखी. "अहो, चहा घेता का? अहो, मीठ बरोबर आहे ना?" दिवाळसणाच्या आधीचं 'अहो'.

मी त्या रात्रीच तो गेम काढून टाकला होता. नंतर बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घातला आहे, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू झाली. त्यात किती तास खेळता याचा आकडा नाही. तीन गोष्टी आहेत. खेळावर आपला ताबा राहत नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टींच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहतो. साधारण वर्षभर असं चाललं आणि त्यानं घर, अभ्यास, काम बिघडलं, तर तो आजार. मी आजारापर्यंत पोचलो होतो असं नाही. पण त्या रस्त्यावर होतो. आणि रस्त्यावर असताना मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, टाइमपास आहे हो.

त्या वर्षी दिवाळीला अंजनगावला गेलो. सासरे बरेच थकले होते, पण डोळे तेच. त्यांना सगळं कळलेलं होतं, बोलत नव्हते. पाडव्याच्या दुपारी बायको सगळ्यांसमोर सहज म्हणाली, "बाबा, आठवते का, इथंच आम्ही काँट्रा खेळलो होतो." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "त्या धबधब्यात होते तसंच झालं. तू वर निघून गेलास. मी खालीच राहिले."

'तू' म्हणाली. सासूबाई या वेळी काही बोलल्या नाहीत.

सासऱ्यांनी वही मागवली. म्हणाले, "आपल्या गावात तह करायची पद्धत आहे. लिहा जवाईबापू. आणि शिंद्यानं देल्लं तसं सारं देऊन नका बसू. थोडं तुमचं राहू द्या, थोडं तिचं." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, मुलगी साक्षीदार. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. त्यातली कलमं अशी :

1. खेळ बंद करायचा नाही. एकत्र खेळायचा. (हे कलम तिनं घातलं. मी तर कायमचं सोडायला तयार होतो. ती म्हणाली, तू सोडून देशील आणि मग मोठा त्याग केल्यासारखा तोंड पाडून बसशील, ते नको.)

2. कोणाचाही फोन वाजला की खेळ थांबेल. कितीही जण उरलेले असोत.

3. रात्री अकराला बंद. लेव्हल अर्धी असली तरी.

4. एकट्यानं खेळायचं असेल तर सांगून खेळायचं, लपून नाही.

5. खेळात पैसे लावायचे नाहीत.

6. पुढच्यानं मागच्यासाठी थांबायचं. हे खेळाबाहेरही लागू.

7. खेळताना नवऱ्याला 'बे' म्हटल्यास सासूबाईंची हरकत राहणार नाही.

सातव्या कलमावर सासूबाईंनी सही केली, आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्ही पाहा बाप्पा."

सहाव्या कलमाप्रमाणे तिची एम.ए. त्या वर्षी सुरू झाली. तिच्या परीक्षेच्या महिन्यांत स्वयंपाक माझ्याकडे होता. मुलीनं त्या महिन्यांचं नाव 'खिचडीचे दिवस' असं ठेवलं आहे. 2023 मध्ये एम.ए. झाली.

आणि खेळ? पीएचडीच्या सिम्युलेशनसाठी घेतलेला लॅपटॉप होताच, ग्राफिक कार्डवाला. दोन कंट्रोलर आणले. पहिला गेम घेतला 'इट टेक्स टू'. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओनं 2021 मध्ये काढलेला, त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. गंमत अशी की तो एकट्याला खेळताच येत नाही. गोष्ट आहे कोडी आणि मे या नवरा-बायकोची. घटस्फोट घ्यायला निघालेले. त्यांच्या लहान मुलीच्या अश्रूंमुळे दोघं बोटभर बाहुल्या होऊन बसतात आणि स्वतःच्याच घरातून, गोदामातून, बागेतून रस्ता काढत परत यावं लागतं. दोघांना वेगवेगळी हत्यारं. एकाजवळ खिळे तर दुसऱ्याजवळ हातोडा. खिळेवाल्यानं भिंतीत खिळा मारला तरच हातोडीवालीला त्याला लटकून पलीकडे जाता येतं. एकाची कितीही हुशारी असो, दुसऱ्याशिवाय ती फुकट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडदा मधोमध दुभागलेला. अर्धा तिचा, अर्धा माझा. कोणी पुढे गेलं म्हणून मागचा मरत नाही. काँट्रापासून इथपर्यंत यायला गेम बनवणाऱ्यांना चौतीस वर्षं लागली. आम्हाला तेरा लागली.

त्यानंतर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी 2020 मध्ये काढलेला 'राजी' खेळलो. तो एकट्यानं खेळायचा गेम, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा. आम्ही एकच कंट्रोलर आलटून पालटून घेतला. मारामारी तिची, कोडी माझी. मुलगी मागे बसून दोघांनाही शिव्या घालणार. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळ, तास-दीड तास. काही जोडपी सिरियल बघतात, काही फिरायला जातात, आम्ही हे करतो. सिरियल बघताना बोलायचं नसतं. इथं बोललं नाही तर मरतो.

स्टाफरूममध्ये हे कळल्यावर एक-दोघांनी टोमणा मारलाच, "काय सर, लेकरायचे खेळ!" मी म्हटलं, हो, लेकरांचेच. म्हणून तर त्यात रुसता येतं आणि लगेच बोलताही येतं. पत्त्यांचा डाव मांडला तर मोठ्यांचा, आणि कंट्रोलर धरला तर लेकरांचा, हा हिशेब मला कळलेला नाही. एक मात्र खरं, पैशाचा खेळ हा वेगळाच प्रकार. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यानं मान्यता दिली. आमच्या तहातलं पाचवं कलम सरकारच्या चार वर्षं आधीचं आहे, असं सासरे अभिमानानं सांगतात.

आता परत त्या नोटिशीकडे येतो.

मी सही केली नाही. समितीत थोडं बोलावं लागलं, थोडं ऐकून घ्यावं लागलं. शेवटी नोटीस बदलली : रात्री अकरानंतर आवाज नाही आणि पैसे लावून खेळ नाही. बाकी तुमच्या समजुतीवर. ती आठ-दहा पोरांची खोली मला आवडली होती, हे आता छापून आलंच आहे तर सांगून टाकतो. त्यांचा आवाज फक्त कमी करायचा होता.

टोकाच्या खोलीतल्या मुलाचं काय? (हे त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे.) त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं तर तो मान खाली घालून 'हो सर, हो सर' म्हणून गेला असता. मीही तेच केलं असतं. म्हणून एका रविवारी मी घरून दिवाळसणाचं खोकं आणलं आणि कॉमन रूमच्या टीव्हीला जोडलं. फुंकर मारली. मुंग्या आल्या. परत फुंकर मारली. दोन-चार पोरं जमली, त्यांतल्या एकाला वर पाठवून त्याला खाली बोलावलं.

बोटं फार चपळ होती त्याची. पहिल्या दोन लेव्हल त्यानं जवळजवळ एकट्यानं संपवल्या. धबधब्यात तो सरासर वर गेला आणि मी खाली मेलो. परत गेला, परत मेलो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "सर, तुम्ही मरता कसे?" मी म्हटलं, "तू वर जातोस म्हणून."

त्यानं पडद्याकडे नीट पाहिलं. मग एक उडी मारली आणि दगडावर थांबला.

"या सर," म्हणाला.

त्या रात्री तो मेसमध्ये जेवायला सगळ्यांसोबत बसला. सगळं एका दुपारीत सुटलं असं मी म्हणणार नाही. तो कॉलेजच्या समुपदेशक मॅडमना भेटतो आहे, घरी फोन करतो आहे, आणि रूम पार्टनर परत खोलीत राहायला आला आहे. तुमच्या शेजारच्या खोलीत असा कोणी असेल तर त्याच्यावर तक्रार करण्याआधी दार वाजवा आणि दुसरा कंट्रोलर मागा. त्यानं दिला तर बसा. नाही दिला तर माझ्याकडे या.

हा लेख देण्याआधी चौथ्या कलमाप्रमाणे, म्हणजे लपून नाही म्हणून, बायकोला वाचायला दिला. अँब्युलन्सच्या भागावर ती बराच वेळ थांबली. मी म्हटलं, काढून टाकू का? म्हणाली, राहू दे. मग शेवटपर्यंत वाचून कागद परत दिला.

"एक चूक आहे," ती म्हणाली. "धबधब्यात मी पाच-सहा वेळा नाही मेले. अकरा वेळा. मी मोजलं होतं बे."